मोटरहोमची ऑर्डर देताना: कोणत्या सोयी आधी ठरवायच्या, कोणत्या नंतर

गेल्या काही वर्षांत मुंबईतल्या बऱ्याच कुटुंबांसोबत मी मोटरहोमची, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीची, कोटेशनं चाळत बसलो आहे. बहुतेकांच्या यादीत पहिल्या ओळीवर टीव्ही असतो, दुसऱ्यावर सोफ्याचा रंग, तिसऱ्यावर छतातली निळी लाईट. गाडीचं भरलेलं वजन, छताची उंची, सांडपाण्याच्या टाकीची जागा आणि आरटीओचं पासिंग हे यादीत कुठेच नसतं. टीव्ही मागणं चूक नाही, पण तो वर्षभरानंतरही लावता येतो. मागच्या चाकाच्या पलीकडे लटकवलेली टाकी मात्र अख्खी गाडी उकलल्याशिवाय पुढे येत नाही.

म्हणून पुढचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. तुमची गाडी फोर्स ट्रॅव्हलर, अर्बानिया किंवा टाटा विंगरसारख्या व्हॅनच्या आत बांधली जाणार असो, की पिकअपच्या चॅसीवर वेगळी बॉडी चढणार असो, क्रम बदलत नाही.

## टप्पा १: आधी दोन रात्री भाड्याच्या गाडीत काढा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि पुढची निम्मी चूक इथेच होते. ज्या माणसांसोबत पुढे फिरणार आहात त्यांनाच घेऊन भाड्याच्या कॅम्परव्हॅनमध्ये किमान दोन रात्री राहा. एक रात्र पुरत नाही, कारण पहिल्या रात्री सगळंच मजेचं वाटतं. दुसऱ्या सकाळी ओले टॉवेल कुठे वाळत घालायचे हा प्रश्न पडतो, तेव्हा खरी यादी तयार होते.

सोबत वही ठेवा. पाणी किती लिटर लागलं, रात्री कोण कितीदा उठलं आणि उठताना कुणाला ओलांडून जावं लागलं, चपला कुठे काढल्या, आजींना पायरी चढता आली का, बॅटरी कितीवर आली, हे सगळं त्या त्या वेळी टिपा.

परत आल्यावर चार उत्तरं लिहून काढा:

- गाडीत झोपणार किती जण, आणि प्रवास करणार किती जण? हे दोन आकडे वेगळे असू शकतात.
- विजेची जोडणी न मिळता सलग किती रात्री काढायच्या आहेत?
- मुख्यतः कुठे जायचं आहे: कोकण किनारा, सह्याद्रीतले घाट, की वर्षातून एकदा लडाख-स्पिती?
- पावसाळ्यात फिरणार का?

इशारा: "सगळीकडेच जाऊ" असं उत्तर असेल तर ऑर्डर थांबवा. सगळ्यासाठी बांधलेली गाडी जड होते, आणि मग घाटात नकोशी वाटते.

## टप्पा २: मेजरिंग टेप घेऊन सोसायटीत उतरा

मुंबईत गाडीचं माप रस्ता ठरवत नाही, पार्किंग ठरवतं. मोठ्या कारसाठी आखलेली जागा साधारण ५.५ बाय २.५ मीटरची असते, आणि लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या जास्त अंतराची) व्हॅन त्यात मावत नाही. अर्बानियाच घेतली तर ३३५०, ३६१५ आणि ४४०० मिलिमीटर असे तीन व्हीलबेस मिळतात. शोरूममध्ये तिसरा मोहात पाडतो, आणि सोसायटीच्या गेटवरचं वळण त्याला आत येऊ देत नाही.

ही मापं घ्या: गेटची रुंदी, गेटनंतरच्या वळणाची जागा, पोडियम किंवा तळघरात जाणाऱ्या उताराच्या सुरुवातीची उंची, आणि छतातून खाली आलेल्या पाइप-स्प्रिंकलरची उंची. तळघराच्या दारावरच्या पाटीवर लिहिलेली उंची त्या पाइपांना लागू असेलच असं नाही. काठी धरून स्वतः मोजा.

उंच छताच्या व्हॅनवर एसीचा डबा बसला की वीस-पंचवीस सेंटिमीटर वाढतात, सोलर पॅनेल आणि कॅरियर वेगळे. शहरात काही पुलांवर आणि सबवेंच्या तोंडाशी उंचीचे अडथळे आहेत. गाडी पूर्ण झाल्यावरची उंची किती असेल हे आत्ताच लेखी मागा.

सोसायटीच्या कमिटीकडे दोन गोष्टींची परवानगी आधीच घ्या: एवढी मोठी गाडी ठेवण्याची, आणि तुमच्या स्वतःच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत १६ अँपिअरचा पॉइंट ओढण्याची. हा पॉइंट मिळणार नसेल तर विजेचा सगळा आराखडा बदलतो.

तपासा: कोकणात फेरीबोटीने जाणार असाल तर मागचा भागही मोजावा लागेल. दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड, वेश्वी–बागमांडला या जेट्ट्यांवर बोटीची फळी आणि धक्क्याचा उतार यांच्यात कोन पडतो, आणि ओहोटीला तो जास्तच तीव्र होतो. मागच्या चाकामागे गाडी जितकी लांब आणि तिथे जितकं काही खाली लोंबकळणारं, तितकी ती घासणार. माझ्या पहिल्या गाडीच्या सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बांधणाऱ्याने अगदी मागे, बंपरखाली दिला होता. पहिल्याच फेरीत तो जेट्टीवर तुटला, आणि साबणाचं पाणी सांडत आम्ही बोटीत चढलो. मागच्या चाकामागे जमिनीपासून कमीत कमी किती अंतर राहील, हा आकडा ऑर्डरमध्ये लिहून घ्या.

## टप्पा ३: पैशांआधी वजनाचं बजेट

प्रत्येक गाडीला एकूण वजनाची मर्यादा असते आणि ती आरसीवर छापलेली असते. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते तुमचं बजेट. फर्निचर, पाणी, माणसं, सामान, सगळं त्यातूनच भागवायचं.

चार माणसांच्या गाडीचा अंदाज असा येतो: पाणी १२० लिटर म्हणजे १२० किलो, माणसं २६०, फर्निचर २८०, लिथियम बॅटऱ्या ५०, एसी ४०, सोलर पॅनेल फ्रेमसह ३०, गाद्या ३०, फ्रिज २०, भरलेली संडासाची पेटी २५, गाडीच्या बाजूला उघडणारी कापडी छत्री ३०, गॅस आणि किराणा ३०, बॅगा ८०. बेरीज ९९५ किलो. जवळजवळ एक टन, आणि यात चैनीचं म्हणावं असं काही नाही.

सर्वांत मोठी बचत फर्निचरमध्ये होते. १८ मिलिमीटर प्लायवूडची आठ बाय चारची एक शीट ३५ किलोच्या आसपास भरते, म्हणजे दहा शीट लागल्या की साडेतीनशे किलो गेले. घरच्या किचनचा सुतार बोलावलात तर तो सवयीने १८ मिलिमीटरच वापरेल. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर हलकी हनिकोंब (मधाच्या पोळ्यासारखी पोकळ) किंवा फोम पॅनेलं घेतली की वजन निम्म्याच्याही खाली येतं. थोडा जास्त खर्च करायचा असेल तर मी तो इथे करेन.

वजन कुठे बसतं हेही महत्त्वाचं आहे. पाणी आणि बॅटऱ्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, खाली, आणि एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. पाण्याची टाकी अगदी मागे गेली की पुढची चाकं हलकी होतात, आणि कसाऱ्याच्या किंवा कुंभार्लीच्या वळणावर स्टिअरिंग हातात राहत नाही. जादा वजनाने उतारावर ब्रेक तापून निकामी होण्याचा धोकाही वाढतो.

परवान्याचा प्रश्न नेहमी विचारला जातो. ७५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची गाडी हलक्या वाहनात मोडते, त्यामुळे या प्रकारच्या बहुतेक गाड्यांना नेहमीचा एलएमव्ही परवाना चालतो.

## टप्पा ४: आराखडा पक्का होण्याआधी पासिंगची चौकशी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. प्रवासी व्हॅन घेऊन गुपचूप सीट काढायच्या आणि पलंग टाकायचा, असं करू नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल.

मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, आणि पुण्याच्या एआरएआय किंवा सीआयआरटीसारख्या संस्था वाहनांच्या चाचण्या आणि मंजुरीचं काम करतात. बांधणाऱ्याला तीन प्रश्न सरळ विचारा. तुमच्या या मॉडेलला मंजुरी आहे का, आणि तिच्या प्रमाणपत्राची प्रत दाखवाल का? याआधी दिलेल्या गाडीच्या आरसीवर वाहनाचा प्रकार काय लिहून आला? मी मागितलेले बदल त्या मंजुरीत बसतात का?

तिसऱ्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. मंजूर आराखड्यात चार सीट असताना तुम्ही सहा मागितल्या, किंवा खिडकीची जागा बदलली, की तुमची गाडी मंजुरीबाहेर जाऊ शकते. "करून देतो, बघून घेऊ" हे उत्तर नाही. तुमचा पत्ता ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली यांपैकी ज्या आरटीओत येतो तिथे आराखड्याची प्रत घेऊन स्वतः जा. एजंट पाठवलात तरी एकदा स्वतः बोला.

खासगी वापर की भाड्याने द्यायची, हेही आत्ताच ठरवा. नोंदणी, कर, परमिट, विमा सगळं त्यावर फिरतं.

इशारा: विम्यात फक्त मूळ गाडीची किंमत धरली गेली तर आतलं लाखोंचं काम उघड्यावर राहतं. बांधणीचं बिल वेगळं घ्या आणि ती रक्कम घोषित मूल्यात धरायला लावा.

## टप्पा ५: पर्यायांच्या तीन याद्या

आता बांधणाऱ्याची पर्यायांची यादी समोर घ्या आणि प्रत्येक गोष्ट एकाच कसोटीवर लावा: ही नंतर बसवायची झाली तर काय काय उकलावं लागेल?

पहिली यादी, कारखान्यातच: बॉडीत पाडायचं प्रत्येक छिद्र, म्हणजे खिडक्या, छतातला पंखा, एसीची जागा. शिवाय इन्सुलेशन, टाक्या आणि त्यांचे पाइप, विजेच्या जाड तारा, सीट आणि सीटबेल्ट बॉडीला पक्के अडकवायच्या जागा, मजला. इथे पैसे वाचवू नका.

दुसरी यादी, आत्ता फक्त तयारी: दुसरी बॅटरी, जादा सोलर पॅनेल, मागचा कॅमेरा, बाहेरचा शॉवर, वायफाय राउटर. आज फक्त रिकामी नळी आणि त्यात नंतर तार ओढून घ्यायला एक दोरी टाकून ठेवायला सांगा, आणि छतापर्यंत एक मोकळी वाट. आज याचा खर्च किरकोळ आहे. हीच वाट दोन वर्षांनी काढायची तर आतली पॅनेलं उतरवावी लागतील.

तिसरी यादी, सहा महिने वापरल्यावर: टीव्ही, स्पीकर, पडदे, छत्री, सायकल स्टँड, शोभेच्या लाईट. पहिल्या सहलींनंतर यातल्या कित्येक गोष्टी आपोआप गळतात.

पॅकेजच्या नावाखाली तिन्ही याद्या एकत्र विकल्या जातात. "डिलक्स पॅकेज" फोडून प्रत्येक वस्तूची किंमत आणि वजन वेगळं मागा. जो देत नाही त्याच्याकडून वजनाचं आश्वासन घेण्यात अर्थ नाही.

## टप्पा ६: घरातल्या फरशीवर गाडी आखा

व्हॅनच्या आतली मापं घ्या, हॉलमधलं सामान भिंतीला लावा आणि मास्किंग टेपने गाडी खरोखरच्या मापात आखा. ओट्याच्या जागी टेबल, पलंगाच्या जागी गाद्या, बाथरूमच्या जागी चार खुर्च्या. मग कुटुंबासकट एक संध्याकाळ त्या चौकटीतच काढा. चहा करा, ताटं वाढा, अंथरूण घाला, दिवे घालवा आणि कुणाला तरी बाथरूमला जायला सांगा. थ्रीडी चित्रात हे काही कळत नाही, कारण त्यातली माणसं कधी वाकत नाहीत.

पलंग आडवा हवा की उभा, हा इथला मोठा निर्णय. आडव्या पलंगाने जागा वाचते, पण व्हॅनची आतली रुंदी बहुतेकदा सहा फुटांपेक्षा कमी पडते आणि उंच माणसाचे पाय दुमडतात. रोज घडी घालायचा पलंग मला स्वतःला पटत नाही. दुपारी पाऊस लागला आणि एकाला आडवं व्हायचं असलं की बाकीच्यांना बसायला जागा उरत नाही. दोन माणसांसाठी तरी कायमचा पलंग ठेवा.

तपासा: झोपेच्या जागेतून बाहेर पडायला दोन वाटा आहेत का? मागचं दार आतून उघडतं का? व्हॅनच्या मागच्या दाराला आतून मूठ नसणं ही नेहमी दिसणारी आणि जिवावर बेतणारी चूक आहे. एक अग्निशामक दाराजवळ, दुसरा पलंगाच्या हाताशी.

## टप्पा ७: विजेचा तक्ता

सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. "तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर आहे" यावरून काहीच कळत नाही. इन्व्हर्टर म्हणजे नळाची तोटी. टाकीत किती आहे ते बॅटरी सांगते. एका दिवसाचा खर्च युनिटमध्ये मांडा:

- १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज: मुंबईच्या उकाड्यात सुमारे ०.५ युनिट
- दोन पंखे, रात्रभर: ०.५
- दिवे, पाण्याचा पंप, फोन, लॅपटॉप: ०.५
- इंडक्शनवर दोन वेळचं साधं जेवण: १
- चौघांच्या अंघोळीचं गरम पाणी: १. दहा लिटर पाणी २० अंशांनी तापवायला जेमतेम पाव युनिट लागतं, ही बऱ्याच जणांना आश्चर्याची गोष्ट वाटते.
- एक टनाचा इन्व्हर्टर एसी, आठ तास: साडेपाच युनिटच्या आसपास

एसीशिवाय साडेतीन युनिट, एसीसकट नऊ. १२.८ व्होल्ट, ४०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत ५.१ युनिट मावतात. म्हणजे एवढी महाग बॅटरी घेऊन, बाकी सगळं बंद ठेवलं तरी नुसता एसीही पुरे आठ तास चालणार नाही.

आता भरणा बघा. ४०० वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला सव्वा ते दीड युनिट देतं, आणि जुलैत कोकणात त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर समाधान मानावं लागतं. गाडी चालताना इंजिनच्या विजेवर आतली बॅटरी भरणारा ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर चार तासांत दीड युनिट भरतो. बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा) व्होल्टेज सारखा वर-खाली होतो, त्यामुळे नुसता रिले लावून बॅटरी जोडू नका, हा चार्जर हवाच.

या हिशेबावरून माझं मत सांगतो. किनाऱ्यावर एसी हवा असेल तर जिथे वीज मिळते अशाच ठिकाणी मुक्काम ठरवा, आणि बॅटरी एसीविना दोन रात्रींसाठी मापून घ्या. बॅटरीवर रात्रभर एसी हाच हट्ट असेल तर १२ व्होल्ट सोडा. २००० वॉटला १२ व्होल्टवर पावणेदोनशे अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. त्याला अंगठ्याएवढ्या जाड तारा लागतात, आणि एक ढिला नट आग लावायला पुरतो. ४८ व्होल्टवर तोच प्रवाह चाळीस-पंचेचाळीसवर येतो.

बाहेरून वीज घेताना एक सोय आवर्जून मागा: चार्जरला किती अँपिअर खेचायचे ते ठरवता आलं पाहिजे. घरच्या १६ अँपिअर पॉइंटवर ३६८० वॉट मिळतात, पण एखाद्या घरगुती खानावळीच्या अंगणात ६ अँपिअरचा साधा सॉकेट असतो. मर्यादा नसेल तर तिथे तुम्ही त्यांच्या घरचे दिवे घालवाल.

तपासा: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बाहेरच्या विजेवर आणि इन्व्हर्टरवर, दोन्ही वेळा टेस्ट बटणाने आणि आरसीसीबी टेस्टरने पाडून दाखवायला सांगा. इन्व्हर्टरवर न्यूट्रल-अर्थचा जोड नीट नसला तर शॉक बसत असतानाही तो पडणार नाही.

इशारा: लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही. लडाखचा बेत असेल तर ती गाडीच्या आत हवी. मुंबईच्या उन्हात बंद उभ्या गाडीसाठी मात्र तिच्या कप्प्याला हवा खेळती हवी, इंजिनला चिकटून नको.

## टप्पा ८: पाणी आणि संडास

१०० ते १२० लिटर चौघांना काटकसरीने दोन दिवस पुरतं. याहून मोठी टाकी म्हणजे तितकंच वजन. स्वच्छ पाण्याच्या टाकीला हात आत जाईल एवढं झाकण मागा. ते नसेल तर शेवाळ कधीच निघत नाही. सांडपाण्याची टाकी स्वच्छ टाकीच्या किमान तीन-चतुर्थांश हवी, नाहीतर निम्मं पाणी शिल्लक असताना अंघोळी थांबतात.

संडासासाठी पेटी काढून नेता येईल असा, १७ ते २० लिटरचा कॅसेट प्रकार घ्या. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये गाडीखाली मोठी मैल्याची टाकी दिसते, पण ती रिकामी करायला तिथे ठिकठिकाणी सोय असते. आपल्याकडे पेटी उचलून कुठल्याही संडासात ओतता येते, आणि तेच व्यवहाराचं आहे. त्यात फिनाइल किंवा ॲसिड टाकू नका, रबरी सील खराब होतं.

गॅस गीझर गाडीत अजिबात नको. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइडने घरांत माणसं गेली आहेत, आणि गाडीची मोरी तर त्याहून लहान. दहा लिटरचा विजेचा गीझर पुरतो.

## टप्पा ९: ओटा, गॅस आणि हवा

सुरमई तळणार असाल किंवा रोज फोडणी पडणार असेल, तर मागच्या दारातून बाहेर सरकणारा ओटा घ्या. गाद्यांना लागलेला वास आठवडाभर जात नाही. आत शिजवायचं तर शेगडीच्या बरोबर वर कपाट ठेवू नका, कुकरच्या वाफेने लॅमिनेट फुगतं.

गॅस घेतलाच तर पाच किलोचा, बाहेरून उघडणाऱ्या आणि आतल्या बाजूने पूर्ण बंद असलेल्या कप्प्यात. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर आत ठेवू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून कप्प्याच्या तळाला भोक हवं, आणि गळतीचा अलार्म मजल्यालगत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा, झोपण्याच्या उंचीवर.

खिडक्या समोरासमोर उघडल्या पाहिजेत, आणि प्रत्येकीला मच्छरदाणीची जाळी. छतात दोन्ही दिशांना फिरणारा पंखा हा माझ्या मते एसीआधी घ्यायचा पर्याय आहे.

## टप्पा १०: दमट हवेसाठी साहित्य

इन्सुलेशनला ग्लासवूल नको. ते ओल धरून ठेवतं आणि पत्रा आतून गंजतो. बंद पेशींचा फोम किंवा नायट्राइल रबर पत्र्याला पूर्ण चिकटवून घ्या. प्लायवूड जिथे लागेलच तिथे आयएस ७१० चं, म्हणजे मरीन प्लाय. स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेस, बाहेरच्या ३१६ ग्रेडच्या. गादीखाली सलग फळी न घालता पट्ट्या घाला, नाहीतर एका पावसाळ्यात गादीला खालून बुरशी येते. ड्रॉवरना दाबून बंद होणारी कुलपं हवीत, चुंबकाची पकड पहिल्याच स्पीडब्रेकरला सुटते.

## टप्पा ११: ऑर्डर कागदावर

तोंडी ठरलेलं सगळं विसरलं जातं, त्यात कुणाची लबाडी असावी लागत नाही. ऑर्डरमध्ये एवढं हवं:

- प्रत्येक वस्तूची कंपनी, मॉडेल, क्षमता आणि संख्या. "चांगल्या कंपनीचा इन्व्हर्टर" चालणार नाही.
- मापांसह आराखडा, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या.
- पाणी, माणसं आणि सामान नसताना गाडीचं काट्यावरचं जास्तीत जास्त वजन, आणि पूर्ण उंची.
- बदल फक्त लेखी, प्रत्येक बदलाची किंमत आणि वजन नोंदवून.
- मूळ गाडीच्या वायरिंगला हात लागल्यास तिच्या वॉरंटीची जबाबदारी कुणाची.
- पैशांचे हप्ते तारखेला नव्हे, कामाला बांधलेले: टोकन, गाडी आली की, वायरिंग-प्लंबिंग दाखवलं की, पाण्याची चाचणी झाली की. शेवटचे किमान दहा टक्के योग्य नोंदीची आरसी हातात आल्यावर.

इशारा: काम सुरू झाल्यावर फोनवरून बदल सांगू नका. "जरा तो सॉकेट इकडे घ्या" म्हटलं की आतली तार जोड मारून वाढवली जाते, आणि तो जोड पॅनेलमागे कायमचा लपतो.

## टप्पा १२: काम चालू असताना तीन भेटी

पहिली भेट छिद्रं पाडल्यावर. कापलेल्या पत्र्याच्या कडांना गंजरोधक रंग लागला आहे का? सीलंट कोरड्या पत्र्यावर लागतंय का? शक्य तर छताचं काम पावसाळ्याबाहेर पडेल अशी तारीख घ्या.

दुसरी भेट सर्वांत महत्त्वाची: तारा आणि पाइप टाकून झाल्यावर, पॅनेलं बसण्याआधी. मेजरिंग टेप फ्रेममध्ये धरून प्रत्येक भिंतीचे आणि छताचे फोटो काढा. माझ्या गाडीत ही भेट चुकली. पुढे एक तार तुटली तेव्हा ती कुठून गेली आहे हे बांधणाऱ्यालाही सांगता येईना, आणि निम्मं छत उतरवावं लागलं. फ्यूज बॅटरीला खेटून आहे का, प्रत्येक तारेवर चिठ्ठी आहे का, पत्र्यातून जाणाऱ्या तारेला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेचं रबरी कडं) आहे का, हेही याच दिवशी बघा.

तिसरी भेट फर्निचर बसल्यावर. सगळ्यांना सोबत न्या. प्रत्येकाला आपापल्या जागी झोपवा, बसवा, बेल्ट लावायला सांगा.

## टप्पा १३: ताबा घेण्याचा दिवस

पूर्ण दिवस राखून ठेवा आणि सकाळी जा.

१. पाइपने छतावर आणि खिडक्यांवर अर्धा-पाऊण तास पाणी सोडा. मग खडबडीत रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा आणि पुन्हा पाणी सोडा. पहिल्या चाचणीत कोरडी राहिलेली गाडी हादऱ्यांनंतर गळू शकते. कपाटांचे वरचे कोपरे हाताने चाचपा.

२. टाक्या काठोकाठ भरा, नळ, पंप, गीझर चालवा आणि गाडीखाली वाकून बघा. सांडपाण्याची टाकी भरेपर्यंत नळ सोडून ठेवा.

३. इंजिन बंद, बाहेरची वीज बंद. फ्रिज, पंखे, इंडक्शन, पंप एकत्र लावा आणि अर्ध्या तासाने बॅटरीच्या तारांच्या टोकांना उलट्या हाताने स्पर्श करा. गरम लागली तर ताबा घेऊ नका.

४. वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण गाडी रिकामी, मग पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगळा, मग पाणी आणि माणसांसह पुन्हा. पावत्या ऑर्डरच्या कागदाला जोडा.

५. उंची मोजा आणि तो आकडा ड्रायव्हरसमोर, सन-व्हायजरवर मोठ्या अक्षरात चिकटवा.

६. वायरिंग आणि पाइपांचे नकाशे, वस्तूंची बिलं, वॉरंटी कार्डं आणि मंजुरीची प्रत एका फाइलमध्ये घ्या.

उरलेल्या त्रुटींची यादी तिथेच लिहा, दोघांच्या सह्या आणि तारीख घाला, आणि शेवटचा हप्ता त्या यादीला बांधून ठेवा. मग पहिली रात्र त्याच गावात, कारखान्यापासून तासाभराच्या आत काढा. जे राहिलं असेल ते रात्री बाहेर येतं, आणि सकाळी गाडी परत तिथेच नेता येते.